गाडीची शाकारणी

रत्नागिरीजवळच्या हातखंब्याचा उतार संपता संपता मी ब्रेक दाबला आणि सीटखालून पाण्याचा एक लोट डचमळत पुढे येऊन माझ्या पावलांवर चढला. बाहेर पाऊस थांबून तास उलटला होता. काचा वर होत्या. शेजारी बसलेल्या आत्याने पाय उचलून सीटवर घेतले, साडीचा भिजलेला काठ पिळला, हाताचा वास घेतला आणि म्हणाली, "हे आजचं पाणी नाही गं. हे मुरलेलं आहे."

कोकणात घर सांभाळलेल्या माणसाला हा फरक नाकाने कळतो. ताज्या पावसाला वास नसतो. मुरलेल्या पाण्याला ओल्या गोणपाटाचा, कुजक्या काथ्याचा आणि त्याच्या तळाशी लोखंडाचा वास असतो. जीभ दाताखाली आली की तोंडात येते तशी ती चव नाकात उतरते. २०२३ चा जुलै होता. त्या संध्याकाळी अंगणात गाडी लावून मी पायाखालची रबरी मॅट उचलली. मॅटखाली नमदा, म्हणजे दाबलेल्या तंतूंचा जाड थर होता, तो हातात गोळा होऊन आला. त्याखाली डांबराचा पातळ थर, आणि त्याला नख लावलं तर तो पापुद्र्यासारखा सुटला. खालचा पत्रा तांबडा, फुगलेला, तळलेल्या अनारशासारखा जाळीदार. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं. दाबावं लागलं नाही. भोकातून खालचं अंगण दिसलं.

आत्याची ही गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. फिकट निळी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. घराणं फियाट ११००चं. इटलीत १९५३ साली जे मॉडेल आलं, त्याचीच ही पुढची पिढी. आपल्याकडे १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणू लागले. आत्या शाळेत गणित शिकवायची. नंबर लावून तिने गाडीची वाट पाहिली, प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले, आणि गाडी हातात आल्यावर महिनाभर रोज पहाटे भाट्याच्या पुलावर जाऊन चालवायला शिकली. आत्याला नवरा नव्हता, मूल नव्हतं, आणि लोक या दोन गोष्टी तिला वारंवार ऐकवायचे. गाडी होती, हे मात्र तिचं तिने मिळवलेलं होतं. त्यामुळे "आता भंगारात दे" असं कोणी म्हटलं की माझ्या कपाळाची शीर उडते. भंगारवाला वजनावर घेतो. या गाडीचं वजन त्याच्या काट्यावर मावणारं नाही.

पण प्रेमाने गंज थांबत नाही, हेही त्याच आठवड्यात कळलं.

आमचे टिंकर, म्हणजे गाडीचा पत्रा ठोकणारे कारागीर, ज्यांना सगळी आळी चाचा म्हणते, घरी येऊन गाडीखाली झोपले. हातात छोटी हातोडी. ते पत्रा वाजवत गेले. चांगला पत्रा टणटणतो, सडलेला थपथपतो. भांड्याच्या दुकानात आत्या पातेलं वाजवून घेते, अगदी तसंच. टण, टण, टण, थप. प्रत्येक 'थप' ला ते खडूने फुली मारत होते. दाराखाली लांबलचक पोकळ पट्टी असते, तिला ते बॉक्स म्हणतात. डाव्या बॉक्सला त्यांनी जॅक लावला आणि दांडा फिरवायला लागले. गाडी वर गेलीच नाही. जॅकच वर गेला, पत्र्यात घुसून.

"ताई, हिला वेगळी चॅसी नाय," चाचा म्हणाले. "ट्रकला, जीपला खाली हाडं असतात, वर कातडं. हिची कातडीच हाडं."

ही गोष्ट मला वरवर ठाऊक होती, त्या दिवशी तिचा अर्थ लागला. दाराखालचा बॉक्स, तळाचा पत्रा, मधला बोगदा, छताचे खांब हे सगळं मिळून गाडीचा सांगाडा होतो. दाराच्या बाहेरच्या बाजूला गंज आला तर गाडी वाईट दिसते. बॉक्सला आला तर गाडी मधून वाकते. दार लावताना हल्ली थोडं उचलून लावावं लागत होतं. आम्ही वर्षभर बिजागरीला दोष देत होतो.

चाचांनी काम घ्यायला नकार दिला. म्हणजे त्या दिवशी दिला. "पाणी कुठून येतं ते आधी शोधा. नायतर मी ठिगळ मारीन आणि पुढच्या पावसात ठिगळासकट सडंल. आणि आता पावसात वेल्डिंग नको. दिवाळीनंतर या."

आता पाणी शोधायचं.

आमच्या घरावर अजून कौलं आहेत. दर मे महिन्यात शाकारणी होते: कौलं उतरवायची, शेवाळ खरवडायचं, फुटकी बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या, पुन्हा चढवायचं. आत्या लहानपणापासून हे पाहत आली आहे. आजोबा छपरावर असायचे आणि ही खालून काठीने दाखवायची, "दादा, इथे गळतंय." ते कौल नेहमी धडधाकट निघायचं. पाणी दोन वासे पलीकडे शिरायचं, रिपेच्या पाठीवरून सरकत यायचं आणि जिथे रिपेला गाठ किंवा खिळा भेटेल तिथे टपकायचं. गळतं तिथे कधीच फुटलेलं नसतं, हे तिला त्या वयापासून माहीत. मला मात्र नव्हतं. पाच-सहा वर्षांपूर्वी पुढच्या काचेखाली ओल दिसली म्हणून मी सिलिकॉनची नळी आणून काचेच्या रबराभोवती बाहेरून छान भरून घेतली होती. नळी दाबताना व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. तो वास असतो ॲसेटिक आम्लाचा. त्या जातीचं सिलिकॉन सुकताना ते आम्ल सोडतं, आणि उघड्या लोखंडाला ते चावतं. बाहेरून मी फट बुजवली, आत पाणी येत राहिलं, त्याची बाहेर जायची वाट बंद झाली, आणि वरून आम्लाची भर. काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात आज जे भोक आहे त्यात माझा हात आहे. लिहिताना अजून वाईट वाटतं.

या वेळी पद्धत आत्याची. पावसाची उघडीप मिळाली तशी आम्ही गाडीतली सीटं, मॅटा, दारांचे आतले पुठ्ठे सगळं काढून टाकलं. फडक्याने पत्रा कोरडा केला. मग आत्या शाळेतल्या खडूंचा जुना डबा घेऊन आत बसली आणि तिने पत्र्यावर आडव्या रेघा मारल्या: काचेखाली तीन, दाराच्या आत दोन, पायाशी वेड्यावाकड्या सात-आठ. तळाला वर्तमानपत्र अंथरलं. मी बाहेर पाइप घेऊन. नियम एकच, खालून वर जायचं. वरून पाणी सोडलं तर सगळीकडून ओघळ येतात आणि काहीच कळत नाही. आधी फक्त चाकांच्या कमानी, मग बॉक्स, मग दारं, मग काच, शेवटी छप्पर. प्रत्येक जागी पाइप बराच वेळ धरायचा. आत आत्या, बॅटरीच्या उजेडात, रेघांकडे डोळे लावून. एखादी रेघ तुटली की ती काचेवर टकटक करायची.

पहिली टकटक दारांच्या वेळी झाली, आणि आम्ही दोघी गोंधळलो. काचा वर, रबर ठीक, मग दारात पाणी कसं? चाचांना फोन लावला. ते म्हणाले, "दारात पाणी येणारच. ते येऊ द्यायचं असतं."

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर किती वर्षं वाचली असती. खाली-वर होणाऱ्या काचेच्या कडेला कितीही रबर असलं तरी पाऊस दाराच्या पोकळीत उतरतोच. बनवणाऱ्याने ते धरून चाललेलं असतं. म्हणून दाराच्या तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. पाणी वरून आत येतं, पोकळीतून उतरतं, भोकातून बाहेर पडतं. आतल्या बाजूला पुठ्ठ्याच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो पाण्याला बसायच्या जागेत येऊ देत नाही. आमच्या चार दारांची आठ भोकं. आठही बंद. त्यात आंब्याच्या मोहोराचा चुरा, लाल माती, आणि त्या सगळ्यावर डांबरी कोटिंगचा घट्ट थर. आठ-दहा वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये गंज लागू नये म्हणून खालून कोटिंग मारून घेतलं होतं. मारणाऱ्याने भोकं झाकली नाहीत, सरसकट फवारा मारला. दारं आतून हौदासारखी भरत होती. प्लास्टिकचा कागद कधीच फाटून गेलेला, त्यामुळे भरलेलं पाणी पुठ्ठ्यातून सीटखाली. बॉक्सच्या तळालाही अशीच भोकं असतात, तीही बुजलेली. म्हणून बॉक्स आतून सडला आणि बाहेरून काळाकुळकुळीत, तगडा दिसत राहिला.

दुसरी टकटक काचेच्या कोपऱ्याला, ती अपेक्षित होती. तिसरी गळती मजेशीर जागी: इंजिनाकडून आत येणाऱ्या वायरींच्या भोकाला जो रबरी बूच असतो तो वाळून फुटला होता. चार-दोन रुपयांची वस्तू. गाडी उभी असताना तिथून थेंब येत नव्हता. पाण्यातून चालवली की चाकाचा फवारा सरळ तिथे.

छप्पर धडधाकट निघालं. आत्याला उगीच अभिमान वाटला.

दिवाळीपर्यंत गाडी उभी राहिली, आणि त्या तीन महिन्यांत मी गंजाबद्दल जेवढं वाचता येईल तेवढं वाचलं. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज होतो, हे शाळेतलं. पण तांब्यावर हिरवट थर धरला की तो खालच्या तांब्याला बरंच राखतो, तसं गंजाचं नाही. गंज सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो, आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो. दोन पत्रे जिथे एकमेकांवर ठेवून वेल्डिंगचे ठिपके दिलेले असतात, तिथे तो मध्ये शिरला की पाचर ठोकल्यासारखा जोड उकलतो. आणि मीठ. रत्नागिरीत पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तरी पावसापेक्षा मीठ वाईट. समुद्राच्या वाऱ्यातून ते पत्र्यावर बसतं, हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा ओलाच. त्या ओलीतून गंजाचं काम झपाट्याने चालतं.

आम्ही गाडी स्वच्छ ठेवत होतो याचं मला समाधान असायचं. आठवड्यातून एकदा, विहिरीच्या पाण्याने. आमची विहीर खाडीपासून फार लांब नाही. फाल्गुन संपला की पाणी मचूळ लागायला लागतं, मे महिन्यात तर चहा बिघडतो. म्हणजे उन्हाळाभर आम्ही गाडीला मिठाच्या पाण्याने आंघोळ घालत होतो. हे लक्षात आलं तेव्हा आत्या बराच वेळ विहिरीकडे पाहत उभी होती. आता पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी पिंपात धरतो आणि उन्हाळ्यासाठी नळाचं. शिवाय प्लास्टिकचं कव्हर काढून टाकलं. पावसाळाभर ते घालून ठेवलं की आत घाम धरतो, वाऱ्याला वाट नाही. गाडीला वर छप्पर आणि बाजूंनी मोकळं हवं, गोठ्यासारखं.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात वर्तमानपत्रातली एक बातमी साठवून ठेवलेली सापडली: मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी, २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली, टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली. आत्याने ते कात्रण कापून ठेवलं होतं. ते घेऊन ती चाचांच्या शेडमध्ये आली, आणि आमची गाडी तिथे चाकांविना, काचांविना लाकडी ओंडक्यांवर उभी होती. तिने कात्रण चाचांना वाचून दाखवलं. चाचांनी ग्राइंडर बंद करून पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "मग हिला नीटच करायला पाहिजे."

आणि त्यांनी नीट केलं. बॉक्स कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवी-तिरपी लोखंडी अँगल टाचून घेतली, नाहीतर बॉक्स कापला की गाडी मधून बसते आणि पुन्हा दार लागत नाही. एका वेळी एकच बाजू. गंजलेला पत्रा जिथे संपतो असं वाटतं त्याच्या पुढे दोन बोटं कापायचं, चकाकी दिसेपर्यंत. ठिगळाचे कोपरे गोल ठेवायचे. वेल्डिंग सलग ओढायचं नाही. एक टाका इथे, दुसरा लांब तिकडे, पत्रा गार होऊ द्यायचा, नाहीतर तो उन्हातल्या पापडासारखा वेडावाकडा होतो. लांबीला, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीला, त्यांनी फक्त शेवटच्या हातासाठी जागा दिली. अनेक ठिकाणी भोकावर जाळी ठेवून वरून लांबी थापतात, घासून रंग मारतात, गाडी नवी दिसते. लांबी ओल शोषते आणि आत गंज चालूच राहतो. विकायची गाडी असेल तर कोणी तसं करीलही. ठेवायच्या गाडीला हा दगा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

जिथे गंज वरवरचा होता, भोक नव्हतं, तिथे तारेच्या ब्रशने खरवडून एक द्रावण लावलं. त्यात टॅनिक आम्ल असतं. तांबूस पत्रा बघता बघता निळसर काळा पडला. आत्या शेजारी उभी होती. "ही तर शाई!" ती म्हणाली. खरंच होतं. हिरड्यात टॅनिन, हिराकसात लोह. पूर्वी दोन्ही एकत्र करून काळी शाई करत. गंजाचं लोह टॅनिनशी बांधलं जातं आणि स्थिरावतं, तीच क्रिया. मात्र हे द्रावण पातळ थरावरच चालतं. पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर ओतून उपयोग नाही.

त्यावर रेड ऑक्साइडचा प्रायमर. शेडमध्ये डबा उघडला तेव्हा मला दुसरं काहीतरी दिसलं. रेड ऑक्साइडमधला लाल रंग हा लोहाचाच ऑक्साइड. गेरूतही तोच. आमच्या भिंतीच्या जांभ्यातही तोच. त्या दिवशी चाचांनी झाडून काढलेल्या गंजाचा ढीग शेडच्या दाराशी होता आणि पलीकडे अंगणातली माती. पावलं पडून दोन्ही एक झालं होतं. कुठे गाडी संपते आणि कुठे रत्नागिरी सुरू होते, ते रंगावरून सांगता आलं नसतं. मी तिथे बरीच रेंगाळले. चहा गार झाला.

बॉक्सच्या पोकळीत लांब नळीने मेणाचा फवारा मारला. जळकं ऑइल मारायचा सल्ला अनेकांनी दिला. ते रबर फुगवतं, अंगणात ठिबकतं आणि विहीर जवळ आहे, म्हणून नको म्हटलं. काचेचं नवं रबर मुंबईहून, ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून मिळालं. ते बसवताना पाहण्यासारखं असतं. रबर आधी काचेला चढवायचं, त्याच्या खाचेत सगळीकडून सुतळी फिरवायची, दोन्ही टोकं आत सोडायची, काच चौकटीला टेकवायची. बाहेरून एकजण तळव्याने दाबतो, आतून दुसरा सुतळी हळूहळू ओढतो, आणि सुतळीमागून रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर चढत जातो. आत आत्या बसली होती. तिने वर्गात फळ्यावर वर्तुळ काढावं तशी एका लयीत ती सुतळी ओढली, कुठेही न थांबता. चाचा म्हणाले, "बाई, कामाला या." चाळीस वर्षं शिकवलेल्या बाईंना ते बाईच म्हणतात.

सगळं मिळून खर्च बासष्ट हजार झाला. गाडीची नोंदणी २०२४ मध्ये पुन्हा करून घ्यायची होती. पहिली पंधरा वर्षं, मग दर पाच वर्षांनी पासिंग, आणि २०२२ च्या एप्रिलपासून खासगी मोटारीच्या त्या फेरनोंदणीची फी तेव्हा पाच हजार होती. इन्स्पेक्टरने बॅटरी घेऊन खाली वाकून बराच वेळ पाहिलं, बॉक्सवर बोटाने वाजवलं. टण. आत्याने माझा दंड धरला होता तो सोडला.

जूनमध्ये पाऊस लागला. पहिल्या रात्री तो इतका कोसळला की कौलांखाली झोप लागली नाही, आणि दोघीही एकच गोष्ट मनात धरून जाग्या होत्या, हे पहाटे पडवीत भेटल्यावर समजलं. छपरीची एक बाजू वाऱ्याला उघडी, त्यामुळे गाडी धुऊन निघाली होती. मी दार उघडून मॅटखाली हात घातला. अंथरलेलं वर्तमानपत्र कोरडं होतं. मी आनंदाने ओरडणार, तर आत्या गाडीबाहेर उकिडवी बसून दारांच्या खाली बघत होती. दारांतून पाणी ठिबकत होतं, संथपणे, आणि खाली सारवलेल्या जमिनीवर एका ओळीत ओले ठिपके उमटले होते. ती उजवीकडून वळसा घालून डावीकडे गेली, परत आली. बोटांवर मोजत होती.

"सातच," ती म्हणाली.

मग उठून पडवीतल्या झाडूतून एक हीर उपटून आणला, मागच्या डाव्या दारापाशी पुन्हा बसली, आणि चष्मा कपाळावर सरकवून आठवं भोक शोधायला लागली.